केस काढायचं मशीन आणि निमगोरा रंग

एप्रिलमधला दुसरा रविवार, सकाळ. ठिकाण: रोह्याला दादाचं घर, पुढची खोली. हजर: मी, वहिनी, मोठी भाची म्हणजे नवरी, धाकटी भाची, आणि शेजारच्या खाला. खालांना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्या आल्याशिवाय त्या घरात कुठलीही बैठक सुरू होत नाही. गैरहजर: दादा. मंडपवाल्याकडे जाऊन येतो म्हणाला आणि जेवायच्या वेळेला उगवला.

मी पेणला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. आमच्या घरातल्या लग्नांच्या याद्या माझ्याकडे असतात, कारण बाकीच्यांना त्या करायला आवडतात आणि सांभाळायला आवडत नाहीत. त्या रविवारी लग्नाला महिना-सव्वा महिना उरला होता. मंडप, आचारी, भटजी, रुखवत असं करत आम्ही ‘नवरीचं’ या सदरापर्यंत आलो. मी लिहिलं, पार्लर.

“ते नको,” भाची म्हणाली. “मी मशीन मागवलंय.”

तिने आतून एक खोकं आणलं. पांढरं, गुळगुळीत, वर एका बाईचा पाय. आत हेअर ड्रायरच्या लहान भावासारखं दिसणारं एक यंत्र, पुढे छोटीशी चौकोनी काच. त्या काचेतून लख्ख उजेडाचा झोत पडतो, तो केसाच्या मुळाशी जातो, आणि असं काही महिने केलं की केस यायचे कमी होतात, असं तिने सांगितलं. सेलमध्ये स्वस्त मिळालं होतं.

“पायाला?” मी विचारलं.

तिने हनुवटीला बोट लावलं.

इथे थोडं मागे जायला हवं. ही मुलगी धाटावच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे. करोनात सगळ्यांनी मास्क लावले तसा तिनेही लावला, आणि सगळ्यांनी काढले तेव्हा हिने काढला नाही. “धाटावला वास येतो,” एवढंच सांगायची. धाटावला वास येतो हे खरंच आहे, त्यामुळे कोणी पुढे विचारलं नाही. मास्कच्या आत हनुवटीवर केस होते, काळे, जाड. रोज सकाळी ती आरशासमोर चिमटा घेऊन बसायची. मुलगा बघायला आला त्या दिवशी पहाटेच उठून बसली होती.

“लग्नात मेकअप असतो, त्यात झाकलं जाईल,” ती म्हणाली. “पण आत्या, आदल्या दिवशी त्यांच्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन येणार. पाच जणी तोंडाला हात लावणार. हनुवटीला हात लावला की त्यांना कळणार. मला तेवढंच नकोय. बाकी तुम्ही काहीही करा, हॉलमध्ये डीजे लावा, मी बोलणार नाही.”

नवऱ्या मुलाच्या हळदीतली उरलेली हळद त्याच्या घरच्या बायका नवरीला आणून लावतात, ती उष्टी हळद. मुलगा गडबचा. तिथल्या बायकांना मी साखरपुड्याला पाहिलं होतं. हात राखून हळद लावणाऱ्या त्या नव्हेत.

मी यादीत ‘पार्लर’ खोडलं नाही, त्याच्या खाली ‘हनुवटी’ लिहिलं आणि माहितीपत्रक मागितलं. कुठलंही यंत्र घरात आलं की त्याचं माहितीपत्रक मी वाचते. आमच्या घरात ते वाचणारी मी एकटीच आहे.

त्यात पहिली गोष्ट अशी की वापरायच्या आधी केस दाढीच्या ब्लेडने साफ करायचे, उपटायचे नाहीत. मुळाला उजेड लागायचा असेल तर मूळ जागेवर हवं. म्हणजे भाचीचा चिमटा त्या दिवसापासून बंद. दुसरी गोष्ट, परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. आमच्याकडे तेवढे नव्हते. तिसरी, पांढऱ्या केसांवर हे चालत नाही.

“मंग आपली सुटका झाली गो,” खाला मला म्हणाल्या. माझ्या हनुवटीवरचे दोन पांढरे केस मी सोडून सगळ्यांना माहीत आहेत असं दिसलं.

चौथी गोष्ट म्हणजे मागच्या पानावरची पट्टी. त्वचेच्या रंगांचे चौकोन, दुधासारख्या रंगापासून सुरू होऊन कॉफीपर्यंत. प्रत्येक चौकोनाखाली मशीन किती जोरात चालवायचं तो आकडा. जितका रंग उजळ तितका आकडा मोठा. शेवटच्या चौकोनावर फुली.

मी भाचीचा हात ओढला आणि पट्टी मनगटाशी धरली. फुलीच्या अलीकडचा चौकोन बरोबर जुळला.

“अहो वन्सं, काहीतरीच काय!” वहिनी म्हणाली. “ती उन्हातून आलीये. आणि बाहेरचा हात कशाला बघताय, दंड बघा. निमगोरी आहे ती.”

“वहिनी, हनुवटी बाहेरच असते.”

“सगळ्यांना आपण निमगोरी सांगितलंय.”

“सगळ्यांना म्हणजे स्थळांना. मशीनचं स्थळ सांगून आलेलं नाही.”

धाकटी हसली, वहिनी नाही. वहिनी खरोखरच गोरी आहे, घारी, लग्न होऊन आली तेव्हा रोह्यात दोन आळ्यांमध्ये चर्चा होती. दोन्ही मुलींनी रंग बापाचा घेतला. वहिनीने ते कधी मान्य केलं नाही. तिच्या मते मुली गोऱ्याच आहेत, फक्त अजून उजळायच्या आहेत.

खालांनी पट्टी हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरली. “माझी सून आणते ना कुवेतहून, तसलाच हाय. तिचा महागाचा. ती माझ्या हाताला लावायला गेली तर पेटलाच नाय. तांबडा दिवा लावून बसला. सून म्हणते, अम्मी, तुमचा रंग बघून नको म्हणतोय.”

“आमचं असं काही म्हणत नाही,” धाकटीने बटण दाबून बघितलं. भिंतीवर लख्खकन उजेड पडला. भिंत कुठल्या रंगाची आहे याची मशीनला काही पडलेली नव्हती.

मी एका चिठ्ठीवर लिहिलं: आधी दंडावर एकदाच; दोन दिवस वाट बघणे; मग हनुवटी; आकडा सगळ्यात लहान. चिठ्ठी खोक्याला चिकटवली आणि जेवून पेणची गाडी पकडली.

त्यानंतर दोन आठवडे माझ्याकडे पत्रिका, वाटप आणि आचाऱ्याचे फोन होते. मशीनचं काय झालं असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळेला वहिनी म्हणाली, चाललंय.

मग एका शुक्रवारी मधल्या सुट्टीत भाची शाळेच्या ऑफिसच्या दारात उभी. मास्क लावलेला. पेणला धाटावचा वास येत नाही.

“काढ,” मी म्हटलं.

हनुवटीच्या खालून जबड्याकडे चार चौकोन. टपालाच्या तिकिटाएवढे, एकाच मापाचे, तपकिरी, एकाला बारीक फोड. पार्सलवर शिक्के मारावेत तसे ओळीने. आमच्या शिपाईणबाई पाण्याचा ग्लास घेऊन आल्या, बघितलं आणि ग्लास ठेवून दार ओढून घेऊन गेल्या. फार शहाणी बाई.

झालं होतं असं. पहिल्यांदा चिठ्ठीप्रमाणे दंडावर करून बघितलं, लहान आकड्यावर. काही झालं नाही, म्हणजे चांगलंच. मग हनुवटीवर लहान आकडा. आठवड्याने पुन्हा. केस होते तसेच, आणि ते तसेच असणार हे माहितीपत्रकात लिहिलं होतं. पण हळद जवळ येत होती. वहिनीने पट्टी काढली, निमगोऱ्या रंगासमोरचा आकडा वाचला आणि म्हणाली, आपण उगीचच कमी ठेवलाय. धाकटीने आकडा चढवला आणि हनुवटीवर ओळीने चार वेळा बटण दाबलं.

“पहिल्यालाच चटका बसला असेल ना?”

“हो.”

“मग थांबला का नाहीत?”

“आई म्हणाली, वॅक्सिंगलाही दुखतं. मलाही वाटलं, दुखतंय म्हणजे काम करतंय.”

ती रडली नाही. तिने मास्क पुन्हा लावला, आणि मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

पेणमधल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलापेक्षा लहान दिसतात आणि फार भरभर बोलतात. त्यांनी भिंग लावून बघितलं.

“मशीन?”

“हो.”

“स्वस्तातलं? त्वचा तपासून स्वतः बंद होत नाही, असं?”

“हो.”

“रंगाचा चौकोन कोणी निवडला?”

“आईने,” भाची म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मागे घेतली. त्यांनी मग आम्हाला समजावलं. तो उजेड काळा रंग शोधतो, कारण केस काळा असतो. त्वचा उजळ असली तर उजेडाला फक्त केस सापडतो. त्वचेतच रंग असला तर त्याला केस कुठला आणि कातडी कुठली ते कळत नाही, आणि चटका कातडीला बसतो. चांगल्या मशीनमध्ये त्वचा बघून थांबायची सोय असते. स्वस्तातल्यात ती सोय काढलेली असते. शिवाय हनुवटीवर असे जाड केस आहेत म्हणजे हार्मोन्सचं काही असू शकतं, ते रक्त तपासून बघावं लागेल. आतून केस येत राहिले तर बाहेरून दिवे लावून काय होणार?

“डाग जातील का?” भाचीने एवढंच विचारलं.

“जातील. हळूहळू. उन्हात जायचं नाही, मलम लावायचं. तोपर्यंत त्या जागेला ब्लेड नाही, चिमटा नाही, दोरा नाही.”

“माझी हळद आहे. दोन आठवड्यांनी.”

“तोवर खपली पडून गेलेली असेल. हळद लावा. पण चोळायची नाही. वरवर.”

बाहेर आल्यावर भाची पायरीवर थांबली. “म्हणजे केसही तसेच राहणार,” ती म्हणाली, “आणि वर त्यांना चोळू नका म्हणून मलाच सांगावं लागणार.”

दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. मी तिला रसवंतीत नेऊन उसाचा रस पाजला.

वहिनीला फोन मीच केला. तिने आधी मशीनला शिव्या दिल्या, मग कंपनीला, मग धाकटीला. मग म्हणाली, “पण वन्सं, ती तशी काळी नाहीये हो.”

“वहिनी, ती माझ्या रंगाची आहे.”

“तुम्ही कुठे काळ्या?”

“मी सावळी आहे. माझ्या लग्नाच्या वेळी आईनेही निमगोरीच सांगितलं होतं. आमच्या ह्यांना दिसत होतं, तरी ते हो म्हणाले. तुझ्या जावयालाही दिसतंय.”

वहिनी म्हणाली, “मलम कुठलं दिलंय ते पाठवा,” आणि फोन ठेवला. नंतर कळलं की दोन आठवडे ती मुलीला सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने मलम लावत होती, आणि मुलगी उन्हातून चालत जाऊ नये म्हणून दादाला स्कूटरवरून कंपनीच्या दारात सोडायला लावत होती.

उष्ट्या हळदीला काय करायचं यावर घरात तीन मतं. वहिनी म्हणाली, आमच्याकडे हळद फक्त हातापायाला लावायची पद्धत आहे असं सांगू. अशी पद्धत रोहा तालुक्यात कुठेही नाही, आणि गडबवाल्यांना ते चांगलं माहीत असणार. धाकटी म्हणाली, पाच जणींच्या आधी आपणच तोंडाला इतका जाड लेप देऊ की बोट आत पोचणारच नाही. दादा म्हणाला, मला यातलं काही सांगू नका. मी यादीत लिहिलं: हनुवटी, कोण सांगणार? आणि समोरची जागा मोकळी ठेवली. नवरीने तिन्ही मतं ऐकली आणि मलम लावून घ्यायला आईसमोर हनुवटी धरली.

हळदीच्या दिवशी गडबची मंडळी दुपारीच आली, दोन इको गाड्या भरून. खपल्या पडल्या होत्या. चौकोन राहिले होते, फिकट, पण मोजून घ्यावेत असे. केस बऱ्यापैकी वाढलेले. पाटावर बसलेल्या भाचीच्या तोंडावर मास्क नव्हता, आणि उजव्या हाताने ती सारखी पदर हनुवटीपाशी आणत होती. मी हळदीच्या ताटाजवळ उभी. वहिनी माझ्यामागे, इतकी जवळ की तिचा श्वास कानाला लागत होता.

पाच जणींत पहिल्या नवऱ्या मुलाच्या काकू. उंच, हाडापेराने मोठ्या, गडबला त्यांची भातशेती आहे आणि ती त्या स्वतः बघतात. त्यांनी वाटीत चारही बोटं बुडवली. पायाला लावली, गुडघ्याला लावली, हाताला लावली. मग हात वर गालाकडे निघाला.

“काकू,” भाची म्हणाली. अगदी ऑफिसात बोलतात तशा आवाजात. “हनुवटीला चोळू नका. तिथे भाजलंय. केस काढायच्या मशीनने. आणि केसही आहेत, ते हाताला टोचतील.”

मंडपात गाणं म्हणणाऱ्या बायका एकदम थांबल्या नाहीत, पण दोघी-तिघींचा सूर चुकला.

काकूंनी मान वाकडी करून हनुवटी बघितली. घाईघाईने नव्हे, नीट.

“टोचू दे,” त्या म्हणाल्या. “माज्या हाताला टोचणार काय गो? भात झोडून झोडून कातडं हाय का ऱ्हायलेलं? बघ.” त्यांनी तळहात पुढे केला. मग दोन बोटांनी हळद उचलली आणि हनुवटीला लावली, इतकी हलकी की मला वाटलं लागलीच नाही. “दुखतंय?”

“नाही.”

“मंग कशाला पदर वढतंय? साडी पिवळी व्हईल.”

मागच्या चौघी पुढे सरकल्या. दुसरीने बघितलं, तिसरीने बघितलं. तिसरी म्हणाली, “आगं, म्या पन कैचीनं कापते,” आणि स्वतःची हनुवटी पुढे केली. चौथी म्हणाली, कापते तर मग जत्रेत का दिसत होते? त्यावर तिसरीने तिच्या नाकाला हळद फासली. सगळ्या हसायला लागल्या. वहिनीचा श्वास माझ्या कानापासून लांब गेला. वळून बघितलं तर ती डोळे पुसत होती, आणि हाताला हळद लागलेली असल्यामुळे तिचंच तोंड पिवळं झालं होतं.

पाचवी, नवऱ्या मुलाची चुलत वहिनी, नवीन लग्न झालेली, माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, “आत्याबाई, ते मशीन चांगलं असतं का हो? मी कार्टमध्ये टाकून ठेवलंय.”

मला हाच प्रश्न विचारला जायची मी महिनाभर वाट बघत होते असं त्या क्षणी लक्षात आलं. मी तिचा हात धरला, उलटा केला, सुलटा केला. गव्हाळ, पण खरा गव्हाळ.

“पायाला घेणार की तोंडाला?”

“पायाला.”

“केस काळे?”

“हो.”

“मग घ्यायचं तर घे, पण त्वचा बघून स्वतः थांबतं असंच घे, नाहीतर नको. पट्टी दिवसा दारात उभं राहून लाव, आणि कोणा दुसरीला बघायला सांग, आई आणि सासू सोडून. दोन चौकोनांत घोळ झाला तर काळा धर. आधी एकदाच करून दोन दिवस थांब. हनुवटीला केस असतील तर आधी डॉक्टर. आणि सोडून दिलंस की केस परत येतात, तेव्हा चिकाटी नसेल तर ब्लेड बरं.”

“ब्लेडने जाड होतात ना?”

“नाही होत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.”

तेवढ्यात कोणीतरी पाण्याची कळशी लवंडली. वहिनीने निऱ्या वर धरून पाण्यातून उडी मारली, आणि धाकटी ओरडली, “आत्या, आईचे पाय बघ!”

आम्ही सगळ्यांनी बघितले. पोटऱ्या काचेसारख्या. ज्या मशीनला तिने दोन आठवडे शिव्या दिल्या, ते ती दुपारी दार लावून, आधी ब्लेड फिरवून, पायांना लावत होती. ती खरी गोरी, केस काळे, आकडा मोठा. खोक्यावरची बाई म्हणजे वहिनीच.

“पैसे घातलेत तर वाया कशाला घालवायचं?” ती म्हणाली, आणि निऱ्या सोडल्या.

लग्न झालं. वरण थोडं कमी पडलं, बाकी यादीप्रमाणे. भाची आता गडबहून धाटावला जाते. मास्क लावते, कारण वास खरंच येतो, पण डब्याच्या सुट्टीत काढते, असं तिनेच मला सांगितलं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, गोळ्या चालू आहेत. एक चौकोन अजून दिसतो, तो तिला दिसतो आणि मला दिसतो. काकू शनिवारी तिला अंगणात बसवून स्वतःची कैची देतात आणि सांगतात, आधी माझ्या हनुवटीचे काप.

मशीन वहिनीकडेच आहे. खोक्यावर माझी जुनी चिठ्ठी होती, ती काढून नवी लावली: फक्त वहिनी. खालांनी ती वाचून विचारलं की आता हे तिजोरीत ठेवणार काय.

माझ्या यादीतल्या सगळ्या ओळींवर बरोबरच्या खुणा झाल्या आहेत. ‘हनुवटी, कोण सांगणार?’ या ओळीसमोर मी ‘स्वतः’ लिहून खूण केली. एक ओळ राहिली आहे, ती दुसऱ्या कागदावर. धाकटीसाठी आता स्थळं बघायला लागले आहेत आणि तिचा बायोडाटा टाइप करायचं काम माझ्याकडे आहे. नाव, शिक्षण, उंची, सगळं झालं. ‘वर्ण’ पुढे मी ‘सावळा’ टाइप करून वहिनीला पाठवलं. तिचा फोन आला.

“वन्सं, ते तेवढं…”

“पट्टी आणू का?”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि तिने गॅस बंद केला.

“बघू,” वहिनी म्हणाली. “रविवारी या, मग बघू.”

ती ओळ अजून तशीच आहे.